टॉवेलाखालचा सौदा

बसका बैल मी लांबून ओळखतो. जू मानेवर येताच त्याचे कान मागे जातात, मागचे पाय आत ओढले जातात आणि मालकाला कळायच्या आत तो खाली बसलेला असतो. शेपूट पिरगाळा, शिव्या द्या, तो उठत नाही. बैलांच्या व्यापारात माझं सगळं आयुष्य गेलं. बापानं मला एक दोर आणि एक फुटकी बादली सोडून काही दिलं नाही. आज घर आहे, गोठा आहे, बाजारात चार माणसं उठून जागा देतात, ते सगळं मी या जिभेवर आणि या पाच बोटांवर कमावलं. जनावर का अडलं हे मला कुणी सांगायची गरज पडत नाही. आणि तरी माझी सात वर्षांची नात शाळेच्या वाटेवर, पाण्याच्या टाकीसमोर, भर रस्त्यात फतकल मारून बसली, तेव्हा ती का बसली हे मला दिवाळी तोंडावर येईपर्यंत कळलं नाही.

ही माझ्या लेकीची थोरली. लेक-जावई पुण्याला असतात. उन्हाळ्यात लेक दुसऱ्या बाळंतपणाला आमच्याकडे, हसनाबादेजवळच्या आमच्या गावी आली. मुलगा झाला. बाळ नाजूक, पुण्यातली खोली लहान, जावयाची नोकरी पाळ्यांची. तेव्हा असं ठरलं की थोरलीनं वर्षभर आजोळी राहावं आणि इथल्याच शाळेत जावं. हे ठरलं तेव्हा मी वरून तोंड वाकडं केलं, कारण आनंद लगेच दाखवायची मला सवय नाही. आतून मात्र मला आभाळ ठेंगणं झालं होतं. घरात लेकरू नाही याला किती वर्षं झाली होती.

शाळा सुरू व्हायच्या आधी जावई तिला पुण्याहून घेऊन आले. पहिले आठ दिवस ती माझ्या मागं मागं फिरली. आमच्या अंगणात गिऱ्हाईक येतं, सौदे होतात, ते तिनं डोळे फाडून पाहिलं. आमच्या धंद्याची रीत अशी आहे की किंमत तोंडानं बोलायची नाही. घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं खांद्यावरचा टॉवेल हातांवर टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती उभ्या असलेल्या गर्दीला काही कळत नाही. तोंडानं मात्र सगळे ओरडत असतात, "न्हाई, जमत न्हाई, जनावर घेऊन जा तुझं." आणि टॉवेलाखाली सौदा पुढं सरकत असतो. सौदा तुटला, म्हणजे भाव पक्का झाला, की विकणारा पैसे घेतो, आपलं दावं सोडून घेतो आणि जनावराच्या पाठीवर थाप मारतो. जनावर विकायचं, दावं विकायचं नाही. घेणारा आपलं दावं बांधतो आणि घेऊन जातो. जनावर मागं वळून बघतं. तेवढं एक मला अजूनही बघवत नाही, म्हणून त्या वेळी मी चहा सांगायला आत जातो.

मग जावई पुण्याला लेकीला आणि बाळाला घेऊन गेले आणि दुसऱ्याच दिवसापासून पोरगी बदलली.

दुधाचा पेला उपडा. अंघोळीच्या पाण्यात माती. एका पायातली चप्पल विहिरीत. वेणी घालायला बसवलं की आजीच्या हातातून उठून गोठ्यात. शाळेच्या वाटेवर टाकीसमोर बसकण ठरलेली. उचलून नेली तर वर्गात भिंतीकडं तोंड करून बसायची. मॅडमनी काही विचारलं की उत्तर एकच, "न्हाई." पुण्याहून येताना ती 'नाही' म्हणत होती, हे 'न्हाई' तिनं आमच्याकडून उचललं होतं आणि आम्हालाच परत देत होती.

मला चीड येण्यापेक्षा नवल एका गोष्टीचं वाटायचं. खोडी केल्यावर पोरं पळतात. ही पळत नव्हती. पेला उपडा करायची आणि समोर उभी राहून माझ्या तोंडाकडं बघत राहायची. मी ओरडायचो. माझं ओरडणं म्हणजे शेजारच्या तीन घरांत भांडी थांबतात. ती मान थोडी तिरकी करून ऐकून घ्यायची आणि शांतपणे विचारायची, "आता पप्पांना फोन करणार का?"

"न्हाई करणार."

की दुसऱ्या दिवशी आणखी मोठी खोडी.

माझा एक जुना जोडीदार आहे. तोही जनावरांचाच व्यापारी, बाजारात आम्ही एकमेकांच्या गिऱ्हाइकांवर टपून असतो आणि बाजार उठला की एकाच हॉटेलात चहा पितो. नात त्याला चाचा म्हणते. एकदा तो अंगणात बसला असताना तिनं वैरणीची पाटी मुद्दाम लाथेनं उलटी केली. मी कडाडलो. जोडीदारानं बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, "भाई, तुम चिल्लाते. वो खडी रहके तोलती. मेरेकू तो वोच तुमसे बडी व्यापारी दिखरी."

"मस्करी नको करू. हिला झालंय काय ते सांग."

"मैं बैल का बोलता. बच्ची का तुम्हारे घर में देखो."

कारण शोधायला आम्ही काही कमी केलं नाही. बायकोनं मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. मोहऱ्या चुलीत तडतडल्या, पोरगी टाळ्या वाजवून म्हणाली, "आणखी टाक." मग तिला पिंपळगावच्या रेणुकाईला नेलं. देवळात अगदी शहाण्यासारखी वागली, ओटी नीट धरली, हात जोडले. बाहेर येताच प्रसादाच्या दुकानासमोर बसली ती उठेना. भोकरदनच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. ते औषध तिनं वासराला पाजलं. वासराची तब्येत सुधारली.

शाळेतल्या मॅडम बऱ्या आहेत, तरुण आहेत. त्या म्हणाल्या, "धाकटा भाऊ झाला की पहिल्या मुलाला असं होतं, आबा. तिच्याकडं जास्त लक्ष द्या."

मी म्हटलं, "मॅडम, माझं दुसरीकडं लक्षच नाही."

तरी मी लक्ष वाढवलं. नवी चप्पल आणली, बाहुली आणली, मोटारसायकलवर पुढं बसवून बाजारात नेलं. बाहुली तिनं बैलाच्या शिंगाला बांधली. बाजारात मात्र खुश असायची. सौदे बघायची, कुठला बैल किती दातांचा ते विचारायची, आणि एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायची, "याला काही खोड आहे का?" मला वाटलं, पोरगी धंदा शिकून राह्यली. मी कौतुकानं सगळ्या खोडी सांगितल्या. हा मारका, हा बसका, हा पाण्यात शिरत नाही, हा दावं तोडतो. तिनं मन लावून ऐकलं. पुढच्या आठवड्यात घरात एकही दोरी शाबूत राहिली नाही. कपडे वाळत घालायचीसुद्धा.

आता माझ्या व्याह्यांबद्दल सांगतो. ते जालन्यात राहतात, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं छापील. माझ्या लेकीच्या लग्नात मांडवाचा निम्मा खर्च मी त्यांच्या गळ्यात घातला होता. कुणी मुलीच्या बापानं असं केलेलं आमच्याकडं ऐकिवात नव्हतं, पण मी केलं, आणि त्यांनी मान्य केलं. मग भर पंगतीत, हातात जिलबी घेऊन, ते शेजारच्या माणसाला मोठ्यानं म्हणाले, "आमचे व्याही पक्के व्यापारी. मुलगीसुद्धा बैलासारखी सौदा करून दिली."

पंगत हसली. मी वाढायला उभा होतो. लेकीचं लग्न होतं म्हणून माझ्या हातातलं मठ्ठ्याचं भांडं त्यांच्या डोक्यावर गेलं नाही. ती गोष्ट मी विसरलेलो नाही. लेकीला त्या घरात काही कमी नाही, जावई सोन्यासारखा आहे, हे सगळं खरं आहे. तरी ते वाक्य माझ्या पोटात जिलबीसकट पडून आहे.

दसऱ्याला व्याही नातीला बघायला आले. तिनं उंबऱ्यातच बसकण मारली. त्यांना घरात येता येईना. ते बाहेर उन्हात, मी आत सावलीत, आणि मधे ती. "बाळा, आजोबांना आत येऊ दे." "न्हाई." शेवटी ते मागच्या दारानं, गोठ्यातून आले, पांढऱ्या शर्टाला शेण लावून घेऊन.

चहा घेताना म्हणाले, "व्याहीबुवा, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे आजोळचं वळण आहे."

"वळण म्हंजे?"

"म्हणजे अडून बसायचं. आपल्या मनासारखं होईपर्यंत उठायचं नाही. हे आमच्या घरात नाही." मग त्यांनी पिशवीतून एक रंगीत कागद काढला. मुलींची निवासी शाळा, शिस्त उत्तम, त्यांच्या ओळखीचे गृहस्थ तिथे आहेत. दिवाळीनंतर तिला तिथे घालावं असं त्यांच्या मनात होतं. मी पुण्याला फोन लावला तर लेक रडली आणि म्हणाली, "आबा, तुमचं ऐकत नाही, मॅडमचं ऐकत नाही, मी इथून काय करू? दिवाळीला सगळे येतो, तेव्हा ठरवू."

फोन ठेवून मी बायकोला म्हटलं, "लेकरू वसतिगृहात जाणार न्हाई."

बायको म्हणाली, "मंग ओरडणं सोडा आन् कारण हुडका. दिवाळी आलीच."

दिवाळीच्या थोडं आधीची गोष्ट. एका शेतकऱ्याला मी लाल कंधारी बैल विकला होता, देखणा, जुळलेल्या दातांचा. तो शेतकरी टेम्पोत बैल घालून अंगणात हजर.

"आबा, बैल बसका निघाला."

"माझ्या दारात दहा वेळा चालवून बघितला तू."

"चालतोय की. जू ठिवलं का बसतोय. चला, माझ्या रानात येऊन उठवून दावा."

आमचं जे जुंपलं ते मारुतीच्या पारापर्यंत ऐकू गेलं. मी त्याची अक्कल काढली, त्यानं माझी दानत काढली. जोडीदाराला बोलावून आणलं. त्यानं बैलाच्या मानेवर नुसतं लाकूड ठेवलं. बैलानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि अंगणातच खाली बसला.

"कायदा कायदा है, भाई," जोडीदार म्हणाला. "खोड निकली, माल वापस."

तो कायदा मीही मानतो, नाहीतर बाजारात तोंड दाखवता आलं नसतं. मी शेतकऱ्याचं देणं चुकतं केलं, त्याला रागारागानं चहा पाजला आणि बैल घेतला. सगळे गेल्यावर अंगणात मी आणि तो बसलेला बैल. मी त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं तर नात धावत आली आणि तिनं त्याच्या गळ्याला मिठी मारली. इतक्या महिन्यांत मी तिला इतकी खुश पाहिली नव्हती.

"आबा, हा बसला म्हणून परत आला?"

"हां."

"पहिल्या मालकानं परत घेतलाच?"

"घ्यावाच लागतो. खोड निघाली का माल परत."

ती बैलाचं कपाळ खाजवत राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मंग मी बी रोज बसते की. मला कामून परत करीत न्हाई तुम्ही?"

मला आधी समजलंच नाही. मी म्हटलं, "तुला कुणाला परत करू, माय?"

"पप्पांना."

"का?"

"त्यांनी विकलं ना मला. तुम्ही घेतलं."

मी खाली बसलो. बैल एका बाजूला, मी एका बाजूला. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाई. मी पाह्यलं. टॉवेलाखाली."

मग तिनं सांगितलं आणि मला तो दिवस जसाच्या तसा दिसला. जावई निघाले तेव्हा रीतीप्रमाणं मी त्यांना टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. बाळ पहिल्यांदा आपल्या घरी निघालं म्हणून टॉवेलाखालून एक नोट त्यांच्या हातात सरकवली. ते घेईनात. "नको आबा, फार होतंय हे." मी म्हणतोय, "न्हाई, घ्यावंच लागंल." टॉवेलाखाली आमची झटापट, वरून दोघांचं नको-घ्या, घ्या-नको, माझा आवाज नेहमीसारखा वर. शेवटी त्यांनी नोट खिशात घातली. मग पोरीपाशी गेले, तिच्या गळ्यात पुण्याच्या शाळेचं ओळखपत्र होतं लाल पट्टीचं, ती ते काढू देत नसे. शाळा बदलायची तर जमा करावं लागेल म्हणून त्यांनी ते तिच्या गळ्यातून काढून घेतलं. तिच्या पाठीवर थाप मारली, "शहाण्यासारखी राहा" म्हणाले आणि गाडीत बसले.

टॉवेल, ओरडा, नोट, गळ्यातलं काढून घेतलेलं दावं, पाठीवर थाप. माझ्या अंगणात आठ दिवस तिनं हेच पाहिलं होतं. एकही पायरी चुकली नव्हती.

"आन् दुसऱ्या दिवशी," ती म्हणाली, "आजी तुम्हाला म्हणली, आता पोरगी आपली."

मला हसू आलं. आधी नुसतं पोट हललं, मग मी इतका हसलो की बायको पीठ भरल्या हातानं बाहेर आली, काय झालं म्हणून. मी तिला सांगितलं. तीही हसली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. पोरगी आमच्याकडं अशी बघत होती की हे दोघं गिऱ्हाईक आहेत की वेडे, याचा अंदाज घेत असावी. ती चार-पाच महिने काय करत होती ते आता उघड होतं. ती हट्टी नव्हती, की तिला कुणी दुष्ट नजर लावली नव्हती. ती आपली खोड दाखवत होती. मारकी होऊन बघितलं, बसकी होऊन बघितलं, दावीसुद्धा तोडली. इतकी खोडील असूनही हा म्हातारा परत का करत नाही, हेच तिला कळेना.

हसू ओसरलं आणि मला व्याही आठवले. मुलगीसुद्धा बैलासारखी सौदा करून दिली. आता नातीनंच साक्ष दिली होती. हे जालन्यात कळलं तर त्या माणसाला मरेपर्यंत पुरेल.

पण आधी पोरीचा प्रश्न. मी तिला म्हटलं, "तुला कुणी विकलेलं न्हाई, आईच्यान." तिनं मान हलवली. तिचं बरोबर होतं. मी आईची शपथ दिवसातून किती वेळा घेतो ते तिनं ऐकलेलं होतं. माझ्या तोंडाच्या शब्दाला या अंगणात काय किंमत आहे हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून मी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि माझ्या हातावर टाकला.

"घाल हात."

ती बिचकली. मग तिनं आपला हात टॉवेलाखाली घातला. चिमणीएवढा हात, वैरणीनं खरखरीत झालेला.

"आता सांग, टॉवेलाखाली जनावराचा पाय कधी असतो का?"

"न्हाई."

"कुणाचा हात असतो?"

"व्यापाऱ्याचा."

"मंग तुझा हात कुठं हाय?"

ती टॉवेलाकडं बघत राहिली. हळूहळू तिच्या तोंडावर जे उमटलं ते मी आजही डोळे मिटले की बघतो. तिनं माझी दोन बोटं घट्ट दाबली.

"दोन काय?"

"दोन घोट. दूध."

"जा, जा. घेऊन जा तुझं जनावर. पंजा." मी पाच बोटं दाबली.

"न्हाई. जमत न्हाई." तिनं तीन दाबली. चारवर तुटलं. बायकोनं पेला आणला आणि पोरगी चार घोट मोजून प्याली, मग पाचवा आपणहून, म्हणाली, "हा वरचा. चहापाण्याचा."

त्या दिवसापासून आमच्या घरात जी धमाल सुरू झाली ती काय सांगू. अंघोळीचे तांबे टॉवेलाखाली ठरायचे. वेणी एक की दोन, भाकरी अर्धी की चतकोर, सगळ्याला सौदा. मी एवढा नावाजलेला व्यापारी, पण नातीपुढं माझी दमछाक व्हायची. टाकीसमोर बसणं त्याच आठवड्यात बंद झालं. शाळेतल्या मॅडमनी मला हाक मारून विचारलं, "आबा, ही दप्तरात हातरुमाल घेऊन येते आणि गृहपाठ दिला की माझ्या हातावर टाकते. मी काय करायचं?"

"बोटं दाबा," मी म्हटलं. "पण पहिल्या भावाला कबूल होऊ नका."

दिवाळीला सगळे आले. लेक, जावई, गुटगुटीत झालेलं बाळ आणि जालन्याहून व्याही, हातात तो रंगीत कागद आणि एक नवी कोरी पत्र्याची पेटी. पेटी बघून माझं डोकं तापलं. नात मात्र शांत होती. तिनं व्याह्यांना उंबऱ्यातून आत येऊ दिलं, पाणी दिलं, पाया पडली. लेक बघतच राहिली.

व्याही म्हणाले, "छान. पण सणाचे चार दिवस कुणीही चांगलं वागतं. ती तशी का वागत होती ते मला सांगा. कारण कळल्याशिवाय मी पेटी परत नेणार नाही."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. खोटं बोलणं माझ्या जिभेला जड नाही; जंत होते, दात हलत होता, काहीही सांगता आलं असतं. पण व्याही तसे कचेरीतले, खोदून विचारणारे, आणि खोटं पकडलं गेलं की पेटी भरली जाणार. मी फराळाचं ताट बाजूला सारलं आणि सगळं सांगितलं. टॉवेल, नोट, ओळखपत्र, बसका बैल, सगळं.

जावई मधेच उठले आणि पोरीला उचलून अंगणात घेऊन गेले. लेक तोंड पदरात घालून हसत होती की रडत होती, मला ठरवता आलं नाही. व्याह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी दात आवळून वाट बघत होतो. ये, मार आता.

ते म्हणाले, "व्याहीबुवा, मी तुमच्या मांडवात एक वाक्य बोललो होतो."

"मला न्हाई आठवत," मी म्हटलं.

"मला आठवतं. बोलायला नको होतं."

मी ताट परत जवळ ओढलं. चकली बरी झाली होती.

तेवढ्यात जावई आत आले. नातीच्या गळ्यात लाल पट्टीचं ते ओळखपत्र होतं. ते त्यांच्या पाकिटातच राहून गेलं होतं, शाळेत जमा करायचं जिवावर आलेलं. ती सरळ माझ्याकडं आली, माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला आणि व्याह्यांसमोर मांडी घालून बसली.

"आजोबा, हात घाला."

इस्त्रीच्या बाहीतला तो हात आधी मागं गेला. मग त्यांनी बाही वर केली आणि टॉवेलाखाली घातला. मी सरसावून पुढं झालो.

"नाही," व्याही म्हणाले. मग जरा वेळानं, "छे, छे, मुळीच नाही. हे फार झालं."

"मंग राहू द्या," नात म्हणाली.

"थांब, थांब. असं?"

"जा. घेऊन जा तुमची पेटी."

व्याह्यांच्या कपाळाला घाम आला. टॉवेल हलत होता, वर येत होता, खाली जात होता. माणूस इतका मुरलेला असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तोंडावरची रेघ हलू देत नव्हता. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी, जावई श्वास रोखून, बाळ आपली मूठ चोखत. शेवटी दोघांनी एकदमच हात बाहेर काढले आणि व्याही म्हणाले, "तुटला सौदा. शाळा रद्द."

नातीनं ओळखपत्राची पट्टी सरळ केली आणि करंजी उचलली.

ती वार्षिक परीक्षेपर्यंत आमच्याकडं राहणार आणि मग पुण्याला, मोठ्या खोलीत, असं तिच्या आईबापानं तिला समोर बसवून ठरवलं. पेटीत आता बैलांच्या घुंगुरमाळा आहेत. तो कंधारी अजून गोठ्यात आहे. त्याला गिऱ्हाईक येतं, पण मी आधीच सांगून टाकतो की बसका आहे, आणि गिऱ्हाईक जातं. नात त्याच्या पाठीवर बसून पाढे म्हणते.

पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. दिवाळीपासून व्याही एक आड एक रविवारी जालन्याहून बसनं येतात. येतात, माझ्याशी चार शब्द बोलतात, चहा घेतात आणि नातीबरोबर गोठ्यात जातात. आत दोघं बराच वेळ काय करतात ते कळत नाही. हसू ऐकू येतं. पांढऱ्या शर्टाला शेण लागतं आणि ते झटकतसुद्धा नाहीत. त्या दिवशी टॉवेलाखाली काय ठरलं हे मी व्याह्यांना आडून विचारलं, उभं विचारलं, एकदा चिडूनही विचारलं. ते नुसते हसतात. माझ्याच घरात, माझ्याच टॉवेलाखाली सौदा झाला आणि मी गर्दीत उभा.

परवा नातीला पकडलं. म्हटलं, "माय, मला तर सांग. काय भावानं तुटला?"

तिनं माझ्या खांद्यावरचा टॉवेल नीट केला, घडी सारखी केली आणि मी गिऱ्हाइकांना ज्या आवाजात सांगतो अगदी त्या आवाजात म्हणाली, "टॉवेलातलं बाहेर सांगत न्हाईत, आबा. धंदा बसतो."